काळविटाच्या रक्तातली बखर: चित्तेखान्यापासून जनुकसंचापर्यंत

कोल्हापूरच्या शिकारीच्या इतिहासात चित्त्याला जेवढी जागा मिळाली, तेवढी त्याच्या सावजाला कधीच मिळाली नाही. संस्थानी काळातील चित्ते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान, त्यांच्या डोळ्यांवरच्या टोप्या, त्यांना माळावर घेऊन जाणाऱ्या बैलगाड्या यांविषयी आपण हौसेने बोलतो. गाडी थांबल्यावर ज्याच्यामागे चित्ता सोडला जाई, त्या काळविटाचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या काळविटाचा आहे. त्याची हकीकत दप्तरात फारशी सापडत नाही, म्हणून ती दुसरीकडे, त्याच्या पेशींत शोधावी लागते.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. प्राणिशास्त्रात ही दोन वेगळी घराणी आहेत. चितळ, सांबर, भेकर हे सारंग कुळातले. यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा, नीलगाय यांची शिंगे पोकळ आवरणाची, हाडाच्या खुंटावर बसलेली आणि जन्मभर टिकणारी. यांना आपल्याकडे कुरंग म्हणतात, आणि त्यांचे नाते सांबरापेक्षा गाय-शेळीशी अधिक जवळचे आहे. हा घोळ केवळ आपलाच नाही. १७५८ साली लिनियसने काळविटाला नाव दिले तेव्हा त्याने त्याला शेळ्यांच्या प्रजातीत घातले आणि जातिनाम ठेवले ‘सर्व्हिकाप्रा’, म्हणजे अर्धे हरीण आणि अर्धी शेळी. पुढे १७६६ मध्ये पल्लासने ‘अँटिलोप’ ही प्रजाती निर्माण केली. कुरंगांना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या शास्त्रीय नोंदीत आपले काळवीटच पहिल्या मानाने बसले आहे.

काळवीट आणि चिंकारा ही दोन्ही कोरड्या, उघड्या मुलखाची जनावरे. पण दोघांच्या स्वभावात एक फरक आहे. काळविटाला रोज पाणी लागते. चिंकारा मात्र पाला, शेंगा आणि दवावर दीर्घकाळ निभावून नेतो. थरच्या वाळवंटात तो राहतो तो याच बळावर, आणि बारामती तालुक्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या उघड्या टेकड्यांवरही याच बळावर. चिंकाऱ्याच्या जवळच्या नातलगांपैकी एक अरबस्तानात राहतो. त्याच्यावर झालेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. या वाळूतल्या हरणांना चार महिने अन्न-पाणी बेताचे दिले, तेव्हा त्यांच्या यकृताचे वजन सुमारे ४५ टक्क्यांनी आणि हृदयाचे सुमारे २० टक्क्यांनी घटले. ही दोन्ही इंद्रिये प्राणवायू फार खातात. ती लहान झाली की श्वास कमी घ्यावा लागतो, आणि श्वास कमी म्हणजे त्यावाटे बाहेर जाणारे पाणीही कमी. दुष्काळात खर्चाचा हात आखडणाऱ्या शेतकऱ्यासारखे हे शरीर आतल्या आत आवरते घेते.

असे शरीर घडवणाऱ्या सूचना कोठे लिहिल्या आहेत, हे पाहायचे तर त्या प्राण्याचा जनुकसंच वाचावा लागतो. सस्तन प्राण्याच्या जनुकसंचात ढोबळमानाने ३ अब्ज अक्षरे असतात आणि ती सगळी चारच अक्षरांची उलटापालट. कोणतेही यंत्र हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचत नाही. आधी त्याचे लहान लहान तुकडे केले जातात, प्रत्येक भाग अनेकदा वाचला जातो आणि एका तुकड्याचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जुळवत संगणक मूळ मजकूर उभा करतो. ज्यांनी मोडीचे फाटके कागद जुळवले आहेत त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की येथे एकाच पत्राच्या तीस-चाळीस फाटक्या प्रती हाताशी असतात, आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणी फाटलेली असते.

ही विद्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने आली. सँगरची वाचनपद्धती १९७७ ची. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पुरा झाल्याचे जाहीर झाले. गायीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ‘डॉमिनेट’ नावाच्या एका हिअरफर्ड गायीचा होता. २०१३ मध्ये तिबेटी पठारावरच्या चिरू या कुरंगाचा, २०१४ मध्ये उंटांचा. उंटाच्या अभ्यासाचे उद्दिष्टच वाळवंटाशी जुळवून घेण्याची जनुके शोधणे हे होते. मग २०१९ च्या जूनमध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ४४ रवंथी जातींचे जनुकसंच एकदम प्रसिद्ध झाले.

त्या प्रकल्पातील दोन निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिला शिंगांचा. सारंगाचे गळणारे शिंग आणि कुरंगाचे न गळणारे शिंग, दोन्हींचे मूळ भ्रूणातील एकाच प्रकारच्या पेशींत आहे आणि त्यांच्या घडणीत अनेक जनुके समान आहेत, असे दिसून आले. दोन्हींना एकच शब्द वापरणारा आपला शेतकरी अगदीच चुकत नव्हता म्हणायचे. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. गेल्या सुमारे एक लाख वर्षांत या जातींपैकी अनेकांची संख्या मोठ्या प्रमाणात घटत गेली आणि तो काळ मानवाच्या जगभरातील प्रसाराशी जुळतो, असे संशोधकांनी मांडले. हवामानाचाही त्यात वाटा असणार. सगळा दोष माणसाच्या माथी मारण्याची घाई मी करणार नाही. पण राजेरजवाड्यांच्या बंदुकांच्या कितीतरी आधी ही घसरण सुरू झाली होती, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता कोणी विचारील, एक लाख वर्षांपूर्वी किती जनावरे होती हे आज जिवंत असलेल्या एका प्राण्याच्या रक्तावरून कसे कळते? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक प्राण्याजवळ जनुकसंचाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर काही ठिकाणी अक्षरे वेगळी निघतात. पूर्वजांचा समाज मोठा असेल तर दोन प्रतींचा समान पूर्वज फार मागे सापडतो आणि तोवर फरक साचत जातात. समाज लहान असेल तर नातेसंबंध जवळचे होतात आणि दोन्ही प्रती लांबच लांब पट्ट्यांत सारख्याच निघतात. हे पट्टे आणि फरक मोजून मागच्या काळातील संख्येचा चढउतार काढण्याची गणिती रीत ली आणि डर्बिन यांनी २०११ मध्ये मांडली. तिची मर्यादाही आहे. एका प्राण्यावरून काढलेला हा आलेख लाखो वर्षे मागे पाहतो, पण अलीकडच्या काही हजार वर्षांपाशी येऊन धूसर होतो. जहांगीराची शिकार किंवा कोल्हापूरचा चित्तेखाना त्यात दिसायचा नाही. त्यासाठी वेगळे साधन लागते. त्याच्याकडे वळण्याआधी शिकारीचा इतिहास पाहू.

चित्ता शिकवून काळवीट धरण्याची रीत भारतात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्त्याकरवी होणारी मृगया आली आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते, हे येथे आठवावे. मोगलांच्या काळी हा खेळ कळसाला पोहोचला. अकबराजवळ एका वेळी हजार चित्ते होते, असे जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. त्याच जहांगीराने ‘मनसराज’ नावाच्या आपल्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखुपुऱ्यात हिरण मिनार उभारला. एका हातात शिकार आणि दुसऱ्या हातात स्मारक, हे त्या काळाला विसंगत वाटत नव्हते.

या हजार चित्त्यांविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ते पैदास केलेले नव्हते. बंदिवासात चित्ता सहसा वीतच नाही. जहांगीराच्या नोंदीतील एक प्रसंग सोडला, तर बंदिस्त चित्त्याला पिल्ले झाल्याची पुढची नोंद थेट १९५६ मधली, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली आहे. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला, आणि तो मेला की रानातून दुसरा. हा उपसा शतकानुशतके चालला. परिणाम काय व्हायचा तो झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय चित्ता इतका दुर्मीळ झाला, की संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते भारतात आले. ते मागवणाऱ्यांत भावनगरच्या बरोबरीने कोल्हापूरचे नाव ठळक आहे.

शाहू महाराजांना शिकारीचा शौक होता. त्यांच्या मागून १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या राजाराम महाराजांनी तो चालू ठेवला. शाहू महाराजांच्या समाजकार्याने भारावलेल्या आपल्या पिढीला हा भाग थोडा अडचणीचा वाटतो, आणि मग काही जण तो झाकतात, तर काही जण त्याचे भांडवल करतात. दोन्ही करण्याचे कारण नाही. ज्या महाराजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद केली, तेच महाराज माळावर शिकारीलाही जात. माणूस सबंध पाहावा.

शिकारीची रीत अशी. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला बैलगाडीत बसवत. काळविटे माणसाला बुजतात, पण शेतावर जाणाऱ्या बैलगाडीची त्यांना सवय असते. गाडी तिरकी-तिरकी जवळ नेली जाई. मग टोपी काढून चित्त्याला कळप दाखवत आणि सोडत. पुढचा खेळ काही सेकंदांचा. चित्ता दमला तर मधेच थांबे आणि काळवीट सुटे. सापडले तर चित्तेवान धावत जाऊन सावजाचे रक्त लाकडी पळीत धरत आणि ते चाटवून चित्त्याला सावजापासून दूर करत. सर्वांत मानाची शिकार काळ्या, पिळदार शिंगांच्या प्रौढ नराची. माद्या आणि कोवळे नर बदामी रंगाचे असतात. त्यांची शिकार मिरवण्याजोगी नव्हती.

हा नर निवडण्याचा भाग पुढे उपयोगी पडणार आहे.

भारतातील रानटी चित्ता संपल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. शेवटचे ज्ञात तीन चित्ते १९४७ मध्ये मध्य भारतातील कोरिया संस्थानात मारले गेले होते. काळवीट संपले नाही, पण लाखांवरून हजारांवर आले. त्याला केवळ शिकार कारण नव्हती. ब्रिटिशांच्या महसूल खात्याला माळरान म्हणजे कर न देणारी पडीक जमीन वाटे, आणि तीच दृष्टी आपण स्वातंत्र्यानंतरही चालवली. माळ नांगरला, पाट आले, ऊस आला, उरल्यासुरल्या गायरानावर वनीकरणाची झाडे आली. उघड्या गवतावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या प्राण्याला झाडीही तितकीच मारक असते, हे आपल्याकडे अजून पटवून द्यावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. महाराष्ट्रात १९७९ मध्ये नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले, तेथे काळविटांनाही आसरा मिळाला. १९८० मध्ये कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य खास काळविटासाठी झाले, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. आजच्या कोल्हापूरकराला काळवीट पाहायचे तर तिकडेच जावे लागते. त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात राधानगरीचे अभयारण्य आहे, जुने संस्थानी शिकारीचे रान, १९५८ पासून राखलेले. पण ते गव्याचे आणि भेकराचे, दाट झाडीचे रान आहे.

भेकराचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे विषयांतर. जनुकशास्त्रात हा राधानगरीचा लाजाळू रहिवासी काळविटापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये वर्स्टर आणि बेनिर्श्के यांनी त्याची गुणसूत्रे मोजली तेव्हा मादीत ६ आणि नरात ७ निघाली. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या कोणाचीच नोंदली गेली नव्हती. गंमत अशी, की त्याच्या चिनी भावंडाला ४६ आहेत. जुनी गुणसूत्रे एकमेकांना टोकाला टोक चिकटत जाऊन ही मोठमोठी गुणसूत्रे बनली. मजकूर बहुतांशी तोच, बांधणी मात्र ४६ पोथ्यांऐवजी सहा जाडजूड ग्रंथांत. मोजायला सोपी म्हणून भेकराच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. काळविटाचीही अशीच थोडी चमत्कारिक रचना आहे. त्याच्या माद्यांत साधारण ३० ते ३२ आणि नरांत ३१ ते ३३ गुणसूत्रे असतात, कारण त्याचे ‘एक्स’ लिंगसूत्र एका साध्या गुणसूत्राला जोडले गेले आहे आणि नराला दोन ‘वाय’ धरावे लागतात.

आता त्या राहिलेल्या साधनाकडे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनन्या जाना आणि के. प्रवीण कारंथ यांनी काळविटावर दोन टप्प्यांत काम केले. २०२० च्या अभ्यासात त्यांनी त्याचे कुळ तपासले. चिंकारा ज्या प्रजातीत येतो तीच काळविटाची सर्वांत जवळची भावकी ठरली, आणि त्याचे पूर्वज पश्चिमेच्या कोरड्या मुलखातून भारतात आले, असे चित्र निघाले. दुसरा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी आठ राज्यांतील बारा ठिकाणांहून नमुने गोळा केले गेले. नमुने कसले? लेंड्यांचे. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकून ढीग करतो. ताज्या लेंडीच्या पृष्ठभागावर आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात आणि त्यांतून डीएनए मिळतो. जनावराला हात लावावा लागत नाही, बेशुद्ध करावे लागत नाही. ज्या सावजाच्या रक्तासाठी एके काळी एवढा लवाजमा निघे, त्याचा वृत्तांत आता लेंडीत मिळतो.

या अभ्यासात सबंध जनुकसंच वाचलेला नाही. दोन निवडक भाग वाचले आहेत, आणि त्यातच खरी खुबी आहे. पहिला भाग मायटोकाँड्रियाचा. हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून तो माद्यांच्या वंशाची हकीकत सांगतो. दुसरा भाग पेशीकेंद्रातला, त्यातील पुन्हा पुन्हा येणारे लहान तुकडे. तो आई-बाप दोघांकडून येतो आणि फार वेगाने बदलतो, म्हणून अलीकडचा काळ दाखवतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा भारतातील काळविटांचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन गट दिसले. माद्या आपापल्या मुलखाला धरून राहतात. एका कळपातून दुसऱ्या कळपाकडे रक्त नेतात ते नर. ही गोष्ट अनपेक्षित होती, कारण काळविटाचा नर आपली हद्द सोडत नाही अशीच त्याची ख्याती. शिवाय, नजीकच्या भूतकाळाच्या तुलनेत संख्या पुन्हा वाढल्याचे संकेतही मिळाले. माणसाने व्यापलेल्या मुलखात हा प्राणी कसाबसा तगून राहिला आहे.

आता चित्तेवानांची ती निवड आठवा. पिढ्यान्‌पिढ्या काळा नर टिपला गेला. माद्यांच्या वंशावळीत, म्हणजे मायटोकाँड्रियात, याची खूण उमटणार नाही, कारण माद्या जागच्या जागी राहिल्या. पण कळपांना जोडणारा दुवाच जर नर असेल, तर त्या शिकारीने नुसती संख्या घटवली नाही, माळामाळांमधली ये-जाही तोडली असावी. हे माझे अनुमान आहे, कोणी सिद्ध केलेले नाही. ते तपासायचे तर आजच्या लेंड्या पुरेशा नाहीत, तेव्हाचे काळवीट हवे.

आणि तेव्हाचे काळवीट मिळू शकते. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेने नामशेष झालेल्या क्वागा या झेब्र्याच्या, संग्रहालयात जपलेल्या कातड्यातून डीएनए काढून वाचला. प्राचीन डीएनएच्या शास्त्राचा आरंभ तेथून धरतात. आपल्याकडेही हे झाले आहे. २०२० मध्ये भारतीय संशोधकांनी देशातील संग्रहालयांत राहिलेल्या भारतीय चित्त्याच्या जुन्या अवशेषांचा मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचला. आशियाई आणि आफ्रिकी चित्ता कित्येक हजार वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते, हे त्यातून पुन्हा पुढे आले. म्हणजे राजाराम महाराजांच्या बैलगाडीतला आफ्रिकी चित्ता ज्या काळविटामागे धावत होता, त्याला त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलेच नव्हते. २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला आणलेल्या आठ चित्त्यांचीही तीच गोष्ट.

वंश तुटला की काय होते, याचा धडा खुद्द चित्त्याच्याच रक्तात आहे. १९८० च्या दशकात स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी नाते नसलेल्या चित्त्यांच्या कातडीचे तुकडे एकमेकांवर बसवून पाहिले. शरीरांनी ते परके म्हणून झिडकारले नाहीत. इतके ते एकमेकांसारखे होते. २०१५ मध्ये त्याचा सबंध जनुकसंच वाचला गेला तेव्हा या दारिद्र्याचा पुरा हिशेब मिळाला. काळविटावर ही वेळ येऊ नये म्हणून कोणते कळप वेगळे जपायचे, कोणते जोडायचे हे आधी कळले पाहिजे. पाकिस्तानात हे न कळता करावे लागले. चोलिस्तान वाळवंटाच्या काठावरील लाल सुहांरा येथे काळवीट पुन्हा आणायचे ठरले, तेव्हा तेथे रानात ते उरलेच नव्हते. शेवटी ते आले अमेरिकेतील टेक्ससमधून, जेथे हौसेखातर नेलेल्या भारतीय काळविटांची प्रजा वाढली होती. ते मूळचे कोणत्या माळाचे, उत्तरेचे की दक्षिणेचे, हे विचारायला तेव्हा साधन नव्हते.

जुन्या शिंगाचा नमुना घ्यायला फार मोडतोड लागत नाही. शिंगाच्या बुडाशी, हाडाला लागून असलेल्या भागात, एक बारीक छिद्र पाडून चिमूटभर चुरा काढला तरी चालतो, आणि ते छिद्र भिंतीकडच्या बाजूला राहते. सोबत एक गोष्ट मात्र हवी. ते शिंग कोणत्या साली आणि कोणत्या गावच्या माळावर मिळाले, याची नोंद. जुन्या कोल्हापुरी घरांत, वाड्यांच्या देवड्यांवर अशी पिळाची शिंगे अजून टांगलेली दिसतात. कायद्याने ती विकता येत नाहीत. घरच्या म्हाताऱ्यांना ती कुठली, कोणाच्या हातची, हे अजून आठवत असेल, तर त्या आठवणी आताच लिहून ठेवाव्यात. शिंगातला डीएनए आणखी काही दशके थांबेल.